विशेष शिक्षणाचा अभ्यास विद्यापीठात करायचा असेल तर: गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि जवळजवळ एकाच शब्दांत विचारतात, “बाई, स्पेशल बी.एड. (म्हणजे दिव्यांग मुलांच्या शिक्षकाची पदवी) कुठे करू?” प्रश्न रास्त आहे, पण त्याचा क्रम तिसरा आहे. आपल्याला नेमके कोणते काम करायचे आहे हा पहिला प्रश्न, आणि त्या कामासाठी कायद्याने कोणती पात्रता लागते हा दुसरा. ही दोन उत्तरे हाती नसताना घाईने प्रवेश घेतलेल्यांपैकी काहींना दोन वर्षांनी कळते की, मिळवलेल्या पदवीवर हवी ती नोकरी मिळत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी वाट ठरवा

या क्षेत्रात ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली वाट विशेष शिक्षकाची. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एड. विशेष शिक्षण ही पदविका, पदवीनंतर बी.एड. विशेष शिक्षण आणि पुढे एम.एड., असा तिचा क्रम आहे. पदविकेसाठी बारावीला आणि बी.एड.साठी पदवीला साधारणपणे किमान ५० टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत असते. दुसरी वाट उपचारांची, म्हणजे वाक् आणि श्रवणशास्त्र, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), चिकित्सा मानसशास्त्र वगैरे. वाक् व श्रवणशास्त्राची पदवी चार वर्षांची असून शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते आणि तिला बारावी विज्ञान शाखेतून झालेली लागते. कला शाखेत बारावी करून मग ‘स्पीच थेरपिस्ट व्हायचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलांना मला दरवर्षी निराश करावे लागते. तिसरी वाट अभ्यासकाची. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आणि दिव्यांगत्व हा संशोधनाचा विषय म्हणून निवडायचा.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. सर्वसाधारण बी.एड.च्या अभ्यासक्रमात समावेशक शाळेवर, म्हणजे दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतात अशा शाळेवर, एक विषय असतो. तो चांगला आहे आणि प्रत्येक शिक्षकाने मनापासून शिकावा असाच आहे. मात्र तो शिकल्याने कोणी विशेष शिक्षक होत नाही.

मान्यता चार बाजूंनी तपासा

विशेष शिक्षकाच्या पदवीला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार परिषद ‘केंद्रीय पुनर्वास नोंदवही’ ठेवते आणि त्या नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करण्यास कायद्याच्या १३व्या कलमाने मनाई आहे. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाचा आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण नोंदणी क्रमांक नसेल तर मुलाखतीच्या टेबलावरच अर्ज बाजूला ठेवला जातो, हे वास्तव आहे.

परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक संस्थेला, ठरावीक अभ्यासक्रमासाठी, ठरावीक दिव्यांग प्रकाराच्या शाखेसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असते. या चारही गोष्टी परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहाव्यात, आणि आपण ज्या वर्षी प्रवेश घेणार ते वर्ष त्या मुदतीत बसते ना, याची खात्री करून मगच शुल्क भरावे. माझ्या ओळखीच्या एका मुलीने माहितीपत्रकावरचे ‘मान्यताप्राप्त’ हे अक्षर वाचून शुल्क भरले. मान्यता खरी होती, पण दुसऱ्या शाखेची. शिवाय २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शिक्षक-शिक्षणाची घडण चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे सरकत असल्यामुळे, मोठ्या बहिणीने पाच वर्षांपूर्वी जे केले तेच आपल्यालाही करता येईल असे गृहीत धरू नये. चालू वर्षाचे परिपत्रकच प्रमाण मानावे.

शाखा निवडण्याआधी पंधरा दिवस शाळेत जा

विशेष बी.एड.ला प्रवेश घेताना श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण), स्वमग्नता (ऑटिझम) अशांपैकी एक शाखा निवडावी लागते, आणि त्या त्या शाखेत रोजचे काम इतके वेगळे असते की, माहितीपत्रक वाचून निवड करणे म्हणजे पाण्यात न उतरता पोहण्याचा प्रकार निवडण्यासारखे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. ही यादी पाठ करण्यापेक्षा पर्वरीच्या संजय स्कूलमध्ये किंवा फोंड्याजवळ ढवळी येथील लोकविश्वास प्रतिष्ठानच्या शाळेत रीतसर परवानगी मागून काही दिवस मागच्या बाकावर बसावे, असे मी सुचवते. मदत करायला जाऊ नये, फक्त पाहावे.

प्रत्येक शाखा एक नवी भाषा शिकवते. दृष्टिदोषाची शाखा घेतल्यास ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या टिंबांची लिपी, येते, आणि मराठी माणसाला तिथे एक गंमत भेटते. छापील मराठीत ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, पण भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) आधी ‘क’ आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच, लिहितात. पाटी आणि टोचणीने लिहिताना तर कागद मागून टोचायचा असल्यामुळे हात उजवीकडून डावीकडे चालतो. पहिल्या आठवड्यात डोके गरगरते. श्रवणदोषाच्या शाखेत भारतीय सांकेतिक भाषा येते. तिला स्वतःचे व्याकरण आहे, मराठी वाक्य शब्दाशब्दाने हातांवर उतरवले की ती भाषा होत नाही. बौद्धिक अक्षमतेच्या शाखेत चिकाटी आणि कामाचे लहान तुकडे पाडण्याची कला लागते. शर्टाचे बटण लावणे हे आपल्या लेखी एक काम. तिथे त्याचे आठ-नऊ टप्पे होतात, आणि मूल नेमके कोणत्या टप्प्यावर अडते ते शोधण्यात एक सकाळ जाते.

संस्था आणि प्रवासाचा हिशेब

गोव्यातल्या विद्यार्थ्याला या शिक्षणासाठी बहुधा राज्याबाहेर पाहावे लागते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबाद, दृष्टिदोषासाठी देहरादून आणि बहुदिव्यांगत्वासाठी चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे राष्ट्रीय संस्था आहेत. मडगाव किंवा थिवीहून रात्रीची कोकणकन्या पकडली की सकाळी मुंबई, म्हणून बहुतेकांचा ओढा तिकडे असतो. परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी किती जागा आहेत, अधिवासाच्या दाखल्याचा नियम काय आहे आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात का, हे तीन प्रश्न प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखी घ्यावे. दूरशिक्षणाचा पर्याय घेतला तर संपर्कसत्रे आणि शाळेतले प्रात्यक्षिक कुठे होणार, याचा खुलासा आधी करून घ्यावा.

सिद्धान्त वाचताना

पहिल्या सत्रात कायदे, आयोग आणि जागतिक जाहीरनामे यांचा भडिमार होतो, आणि विद्यार्थी ते सनावळीसारखे पाठ करतात. त्याऐवजी त्यांच्यामागचा एक धागा धरावा: अडचण मुलात आहे की मुलाभोवतीच्या व्यवस्थेत? इंग्लंडमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९७८च्या अहवालात मुलांची अपंगत्वाच्या नावांनी वर्गवारी करण्याऐवजी त्यांच्या ‘विशेष शैक्षणिक गरजां’चा विचार करावा असा आग्रह धरला. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथील परिषदेने सर्वसामान्य शाळांनीच सर्व मुलांना सामावून घ्यावे अशी भूमिका मांडली. संयुक्त राष्ट्रांचा २००६चा दिव्यांग हक्क करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला, आणि आपला २०१६चा कायदा त्यातूनच आला.

हे उत्तरपत्रिकेत लिहिताना एखादे जवळचे उदाहरण द्यावे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाच्या शाळेचे ग्रंथालय पहिल्या मजल्यावर आहे आणि वर जायला फक्त जिना आहे. वैद्यकीय दृष्टिकोन मुलाच्या पायांकडे पाहतो, सामाजिक दृष्टिकोन जिन्याकडे. पण सामाजिक दृष्टिकोनाने सगळेच सुटते असेही समजू नये. वेदना, थकवा, झटके यांवर रॅम्प बांधून इलाज होत नाही, आणि चांगला परीक्षक हा आक्षेप तुमच्याकडून ऐकू इच्छितो.

निरीक्षणाची वही

माझ्या मते या संपूर्ण शिक्षणाचा कणा म्हणजे निरीक्षणाची वही, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत निष्काळजीपणे, बहुधा सादर करण्याच्या आदल्या रात्री, लिहिली जाते. मी तपासलेल्या बहुतेक वह्यांत पहिले वाक्य असे असते: ‘मुलाचे वर्गात लक्ष नसते, तो हट्टी आहे.’ हे निरीक्षण नव्हे, हा निकाल झाला. आता हीच गोष्ट अशी लिहून पाहा: ‘सकाळी १०.२० ते १०.३०. बाईंनी फळ्यावर पाच शब्द लिहिले. पहिले दोन शब्द त्याने वहीत उतरवले. तिसरा शब्द जोडाक्षराचा होता. तिथे पेन्सिल थांबली, त्याने शेजारच्या मुलीच्या वहीत डोकावले, तिने वही झाकली. त्यानंतर तो खिडकीबाहेर पाहू लागला.’ दुसऱ्या नोंदीतले मूल हट्टी राहत नाही. ते जोडाक्षराशी अडलेले मूल आहे, आणि त्याच्यासाठी सोमवारी काय करायचे हेही आपल्याला ठाऊक झाले आहे.

म्हणून वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे फक्त दिसले आणि ऐकू आले तेच, वेळेसह. उजवीकडे आपला अंदाज, तोही शक्यतो प्रश्नाच्या रूपात. एकाच मुलाला निदान तीन वेगळ्या प्रसंगी पाहावे: वर्गात, मधल्या सुट्टीत आणि एखाद्या हातकामाच्या तासाला. मधली सुट्टी वगळू नये. वर्गात एक अक्षर न बोलणारी मुलगी चिंचा वाटताना मैत्रिणींशी भांडताना दिसली, तर तिच्या वाचेविषयीचे आपले अर्धे तर्क तिथेच कोसळतात.

अक्षमता की दुसरी भाषा?

मुंबई-पुण्याच्या प्राध्यापकांना सहसा न पडणारा आणि गोव्यात रोज पडणारा प्रश्न आहे तो हा. मूल घरी कोकणी बोलते, प्राथमिक शाळेत मराठी शिकते आणि बहुतेक ठिकाणी पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाते. सत्तरीतल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, ‘माझ्या घराकडेन माड आसा’ (माझ्या घराजवळ माड आहे). बाहेरून आलेल्या प्रशिक्षणार्थी शिक्षिकेने या वाक्यात दोन चुका दाखवून अध्ययन अक्षमतेची शंका नोंदवली. प्रत्यक्षात ते जवळजवळ निर्दोष कोकणी वाक्य होते, फक्त मराठीच्या वहीत लिहिलेले. मुलाचे व्याकरण शाबूत होते.

उलट धोकाही तेवढाच मोठा आहे. ‘घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू,’ असे म्हणत चौथीपर्यंत थांबले आणि पाचवीत इंग्रजीचा डोंगर समोर आला की, खरी अक्षमता असलेले मूल पार खचते. फरक ओळखण्यासाठी मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी करायला सांगते. मुलाला घरच्या भाषेत एखादी गोष्ट सांगू द्यावी आणि तिची मांडणी, शब्दसंपदा, घटनांचा क्रम ऐकावा. मग यमक जुळवणे, शब्दातला पहिला ध्वनी वगळणे असे ध्वनींचे खेळ त्याच भाषेत घ्यावेत. शेवटी देवनागरीतील वाचन पाहावे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ असल्याने, अक्षमता असलेले मूलही पुष्कळदा शब्द बरोबर वाचते, पण फार सावकाश वाचते आणि वेलांट्या, रफार, जोडाक्षरे इथे अडखळते. त्यामुळे चुकांबरोबर वेळही मोजावा. अध्ययन अक्षमता एका भाषेपुरती नसते, तिच्या खुणा प्रत्येक भाषेत वेगळ्या रूपाने दिसतात. अडचण फक्त शाळेच्या भाषेत दिसत असेल आणि घरच्या भाषेत मूल चोख असेल, तर आधी अध्यापन तपासावे.

मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची (वाचनाशी संबंधित अध्ययन अक्षमतेची) चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार झाली. मराठीतली साधने उपयोगी आहेतच, पण जे मूल मराठी फक्त शाळेत ऐकते त्याच्या गुणांचा अर्थ लावताना अहवालात तसे स्पष्ट नमूद करावे. आणि प्रशिक्षणार्थ्याने निदान करू नये. आपण शंका नोंदवायची, निदान त्या त्या पात्र तज्ज्ञांचे.

पालकांशी बोलतानाही ही मर्यादा पाळावी. आई विचारते, “बाई, म्हज्या भुरग्याक कितें जालां?” (माझ्या मुलाला काय झाले आहे?) तेव्हा कोकणीतच, साध्या शब्दांत, मूल काय करू शकते ते आधी सांगावे, मग कुठे अडते ते, आणि पुढची तपासणी कुठे होईल ते. रोगाचे नाव आपल्या तोंडून जाऊ देऊ नये.

आराखडा लिहिणे

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे एका मुलाला काय आणि कसे शिकवायचे याची लेखी योजना, ही कल्पना अमेरिकेच्या १९७५च्या कायद्यातून रूढ झाली आणि आता आपल्या प्रत्येक विशेष शिक्षकाला तो लिहावा लागतो. त्यात सर्वाधिक गुण उद्दिष्टांवर जातात. ‘वाचन सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘सहा आठवड्यांनंतर रफार असलेल्या दहा अनोळखी शब्दांपैकी आठ शब्द मदतीशिवाय वाचेल’ हे उद्दिष्ट. कारण सहा आठवड्यांनी ते साधले की नाही हे कोणीही तपासू शकतो. एका वेळी तीनपेक्षा अधिक उद्दिष्टे घेऊ नयेत. पालकांची सही घेण्याआधी त्यांना तो वाचून दाखवावा, आणि घरी करायचे काम त्यांच्या दिवसात बसेल एवढेच ठेवावे. पहाटे मासळी घेऊन बाजाराला निघणाऱ्या आईला सकाळचा अर्ध्या तासाचा अभ्यास सांगण्यात अर्थ नाही.

प्रकल्प आणि गोपनीयता

मुलाचे नाव बदलले की ओळख लपली, असे संशोधनपद्धतीचे धडे शिकवतात. गोव्यात एवढ्याने भागत नाही. ‘अमुक गावच्या प्राथमिक शाळेत दुसरीत शिकणारा जुळ्यांपैकी एक, वडील बोटीवर कामाला’ एवढे लिहिले की अर्ध्या तालुक्याला मूल कळते. त्यामुळे गाव, पालकांचा व्यवसाय, भावंडांची संख्या यांपैकी विषयाला अनावश्यक असेल ते गाळावे. पालकांची लेखी संमती त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत घ्यावी, आणि मूल बोलू शकत असेल तर त्यालाही विचारावे. नको म्हणाले तर थांबावे.

तुम्ही स्वतः दिव्यांग असाल तर

२०१६च्या कायद्याच्या ३२व्या कलमानुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव असतात आणि प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट मिळते. त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावरून युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करावा. वैद्यकीय तपासणीला वेळ लागतो म्हणून निकालाची वाट न पाहता बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षेत लेखनिक (उत्तरे लिहून देणारी व्यक्ती) घेणाऱ्यास तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असूनही लिहिण्यात अडचण असल्यास लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अर्ज परीक्षेच्या आठवड्यात न देता सत्राच्या पहिल्या महिन्यात द्यावा आणि पोच घ्यावी.

पदवीनंतर

निकाल लागताच केंद्रीय नोंदवहीसाठी अर्ज करावा. नोकरी मिळेपर्यंत थांबू नये. पदांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२१चा रजनीशकुमार पांडे प्रकरणातील निकाल प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यावरील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण त्यात धरले असून, राज्यांना त्यानुसार कायम पदे निर्माण करण्यास सांगितले आहे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली, यावरून अंमलबजावणीचा वेग समजावा. तोवर मिळणाऱ्या नेमणुका पुष्कळदा कंत्राटी असतात. करारपत्रात कामाचे स्वरूप, शाळांची संख्या आणि प्रवासखर्च लिहिलेला आहे का ते पाहून सही करावी. एका शिक्षिकेवर डिचोलीपासून पेडण्यापर्यंतच्या शाळा आल्या, तर आठवड्याचे किती तास बसमध्ये जातील हे आधीच मोजलेले बरे.

नोंदणी पाच वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांतून मिळणारे गुण लागतात. प्रत्येक कार्यशाळेचे प्रमाणपत्र त्याच दिवशी एका फाइलमध्ये लावावे आणि त्यावर नोंदणी क्रमांक बरोबर छापला आहे ना, हे सभागृह सोडण्याआधी पाहावे.